घर बघायला येणारी माणसं

घर बघायला आलेला माणूस उंबरठा ओलांडला की आधी वर बघतो. छताकडे, मग छत आणि भिंत जिथे भेटतात त्या कोपऱ्यांकडे. मग मान खाली जाते आणि फरशी न्याहाळली जाते. त्या घरात आयुष्य काढलेल्या माणसाने छताकडे शेवटचं केव्हा नीट पाहिलं, हे त्यालाही सांगता येणार नाही. फार तर तापाने फणफणून पडला असेल तेव्हा. राहणाऱ्याची नजर हाताच्या उंचीवर फिरते, दाराच्या कडीपासून दिव्याच्या बटणांपर्यंत. घेणाऱ्याची नजर वर आणि खाली जाते, कारण घराची दुखणी तिथे आधी उमटतात. वर गळतीचा पिवळट डाग, खाली खचलेली फरशी.

आईवडिलांचं घर विकायला काढलं तेव्हा हे मला पहिल्यांदा दिसलं. बाबा गेल्यावर आई काही वर्षं तिथे एकटी राहिली. पुढे तिला जिना चढवेना, म्हणून ती ताईकडे राहायला गेली आणि घर बंद राहू लागलं. बंद घर फार लवकर खालावतं. नळांचे वायसर सुकतात, खिडक्या फुगून बसतात, आणि मोरीच्या जाळीखाली जे पाणी गटाराचा वास अडवून धरतं ते आटून गेलं की तो वास सरळ घरात शिरतो. कुणी बघायला येणार असलं की मी आधी जाऊन प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायचो, खिडक्या उघडायचो, आणि नळांमधून गढूळ पाणी निघून जाईपर्यंत ते सोडून ठेवायचो. यात कसलीही बनवाबनवी नव्हती. माणसं राहत असती तर घर जसं असतं, तसं ते पुन्हा होत होतं एवढंच.

एजंट म्हणाला, "साहेब, चावी माझ्याकडे द्या, तुम्ही नका थांबू. मालक समोर असला की गिऱ्हाईक बुजतं." त्याचं म्हणणं खरं होतं. मालकासमोर कुणी कपाट उघडून बघत नाही, मोरीत वाकून बघत नाही, आणि नवराबायको एकमेकांशी खरं बोलत नाहीत. मालक भावूक होऊन गोष्टी सांगायला लागतो, बघणारे माना डोलावतात आणि बघायचं राहून जातं. हे सगळं पटत असूनही मी थांबायचं ठरवलं. बघणाऱ्याला मिळतो अर्धा तास. तेवढ्यात त्याला आयुष्यातल्या बहुधा सगळ्यात मोठ्या खरेदीचा अंदाज घ्यायचा असतो. तो येतो एका ठरावीक वेळी, एका ठरावीक हवेत. मला ते घर सगळ्या ऋतूंत, रात्री-अपरात्री, पाणी गेलेलं असताना आणि वीज गेलेली असतानाही माहीत होतं. एकाला इतकं माहीत आणि दुसऱ्याला इतकं कमी, अशा वेळी ज्याला माहीत आहे त्याने चावी देऊन निघून जावं हे मला बरोबर वाटेना.

या असमान माहितीचा अर्थशास्त्रज्ञांनीही विचार केला आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवून दिलं, की विकणाऱ्याला मालाची खरी अवस्था माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा घेणारा संशयापोटी सगळ्याच मालाला कमी भाव देऊ लागतो. मग चांगला माल असलेले बाजारातून बाहेर पडतात आणि उरतो तो खराब माल. २००१ साली त्यांना नोबेल मिळालं त्यामागे हेच काम होतं. मला त्यातून एवढंच दिसतं, की लपवणाऱ्या विक्रेत्यामुळे समोरचा एकटा फसत नाही. प्रामाणिक विक्रेत्यालाही कुणीतरी आधी केलेल्या लपवाछपवीची किंमत मोजावी लागते. बघायला येणारा प्रत्येक जण आपल्याकडे आधीच थोड्या संशयाने बघत असतो, आणि त्याचा त्यात काहीच दोष नसतो.

तयारी मात्र केली. घर स्वच्छ करणं, मोडकी बिजागरी बदलणं, गेलेले दिवे लावणं, हे करायलाच हवं. कोंदट, अंधाऱ्या खोलीत समोरच्याला खोली दिसतच नाही, दिसतो तो नुसता पसारा. पण सजवणं आणि सावरणं यांत कुठेतरी रेघ मारावी लागते, आणि ती कुठे मारायची यावर ताईचं आणि माझं बरंच बोलणं झालं.

विक्रीसाठी घर सजवण्याचा आता जगभर मोठा व्यवसाय आहे. अमेरिकेत सिएटलच्या परिसरात बार्ब श्वार्ट्झ यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रकार रूढ केला असं मानलं जातं. त्यांना नाटकाची आणि अंतर्गत सजावटीची पार्श्वभूमी होती, म्हणून शब्दही रंगमंचावरूनच आला. घराला त्यांनी मंच म्हटलं. तत्त्व साधं आहे. मालकाच्या खुणा जितक्या कमी, तितकं बघणाऱ्याला स्वतःचं आयुष्य तिथे मांडून बघता येतं. म्हणून भिंतीवरचे फोटो काढा, कपाटं अर्धी रिकामी करा, सामान कमी करा, भिंतींना फिका रंग द्या.

फोटोंवरून ताई अडून बसली. बाबांचा फोटो काढायचा नाही म्हणाली. मला वाटत होतं की तो काढावा. लाज वाटत होती म्हणून नव्हे. बघणाऱ्याला उगाच आपण कुणाच्या तरी दुःखात शिरलो आहोत असं वाटू नये म्हणून. शेवटी तो आईनेच मागवून घेतला आणि प्रश्न मिटला. बाकीचे फोटो काढले तेव्हा मागे भिंतीवर मूळ रंगाचे गडद चौकोन राहिले. उजेडाने भोवतालचा रंग उडाला होता, फोटोंखालचा तसाच होता. ते चौकोन आम्ही राहू दिले. एका बाईंनी ते पाहून विचारलं, "इथे ऊन येतं का खूप?" मी सांगितलं, सकाळचं येतं, आणि हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा थेट समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचतं. त्यांनी प्रश्न अगदी नेमका विचारला होता. भिंतीचा उडालेला रंग हा त्या खोलीतल्या उन्हाचा सगळ्यात भरवशाचा पुरावा होता, आणि आम्ही भिंत रंगवून काढली असती तर तो गेला असता.

वासाचं वेगळंच आहे. स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही. कुठल्याही वासात काही मिनिटं राहिलं की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं, बदल झाला तरच ते पुन्हा जागं होतं. त्यामुळे घरात कुबट वास आहे की नाही याचा निवाडा मालकाने करूच नये. मी एका मित्राला बोलावलं. दारात उभं राहून त्याला एकच सांगितलं, पहिला श्वास घेतोस तेव्हा काय वाटतं ते सांग. तो म्हणाला, मागच्या बाजूने ओलसर येतंय. कुणी सुचवतं तशी सुगंधी फवारणी मी केली नाही. घर बघायला जातो तेव्हा मला स्वतःला दारातच दाट सुवास आला, तर त्याच्या खाली काय आहे हाच प्रश्न पहिल्यांदा पडतो.

तर ती ओल. मागच्या खोलीची बाहेरची भिंत तळाकडून ओली राहते. जमिनीतलं पाणी विटांच्या आणि त्यांमधल्या दरजांच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, साधारण मीटरभर. तिथून ते हवेत उडून जातं, पण सोबत आणलेले क्षार भिंतीवर सोडून जातं. म्हणून रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि खाली पांढरी भुकटी पडते. आई त्याला लोणा लागला म्हणते. रंगाऱ्याने येऊन पाहिलं आणि सहज म्हणाला, "खरवडून पुट्टी मारू, वर दोन हात देऊ. विकेपर्यंत काही दिसणार नाही." त्याच्या आवाजात कसलाही कावा नव्हता. त्याला हे काम बहुतेक विक्रीच्या वेळीच मिळत असणार. एजंटचंही तेच मत पडलं. आणखी एक सोपा उपायही तयारच होता. त्या भिंतीपुढे बाबांचं मोठं लाकडी कपाट होतं. ते तिथेच राहू दिलं असतं तर रंगाचाही खर्च वाचला असता.

आईला फोन केला. ती म्हणाली, "ओल सांगितल्याशिवाय घर देऊ नका रे. त्यांची पोरं झोपतील त्या खोलीत." कपाट आम्ही सरकवलं.

हा प्रश्न माणसांना फार पूर्वीपासून पडत आला आहे. रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये आपल्या मुलाला उद्देशून कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात घरविक्रीचंच उदाहरण येतं. एक भला माणूस घर विकतो आहे. घर रोगट आहे, पण लोक त्याला आरोग्याला चांगलं समजतात. खोल्याखोल्यांतून साप निघतात. लाकूड कुजकं, कोसळायच्या बेतात आलेलं. हे मालकाखेरीज कुणालाही ठाऊक नाही. त्याने सांगावं का? सिसेरो स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञान-पंथाच्या दोन विचारवंतांना समोरासमोर आणतो. बॅबिलोनचा डायोजिनिस म्हणतो, त्याने घ्यायची जबरदस्ती तर केली नाही. आपल्याच मालाचे दोष सांगत सुटणारा विक्रेता कुणी पाहिलाय का, आणि दवंडीवाल्याने काय "रोगट घर विकणे आहे" अशी दवंडी पिटायची? अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणं वाईटच, पण हे त्याहून वाईट, कारण इथे दुसरा चुकतो आहे हे जाणून आपण त्याला चुकू देतो. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने उभा राहतो. न बोललेली प्रत्येक गोष्ट म्हणजे लपवणूक नव्हे, असं तो मान्य करतो. पण जे कळल्याने दुसऱ्याचं हित होईल ते स्वतःच्या फायद्यासाठी त्याला कळू न देणं, ही लपवणूकच. दोन हजार वर्षांनंतरही मला यात बदल करावा असं काही सापडत नाही.

त्याच ठिकाणी सिसेरो आणखी एक गोष्ट सांगतो, आणि घर विकणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकावी असं मला वाटतं. कॅनियस नावाचा एक रोमन गृहस्थ विश्रांतीसाठी सिराक्यूज शहरात गेला आणि मित्रांना बोलावता येईल अशी एखादी बाग घ्यायची म्हणत होता. पिथियस नावाच्या सावकाराच्या हे कानावर गेलं. त्याने कॅनियसला दुसऱ्या दिवशी आपल्या बागेत जेवायला बोलावलं आणि कोळ्यांना बोलावून सांगितलं, उद्या माझ्या बागेसमोर मासे धरा. कॅनियस आला तर समोर होड्याच होड्या. जो तो मासे आणून पिथियसच्या पायाशी टाकतोय. हे काय, विचारल्यावर पिथियस म्हणाला, यात नवल काय, सगळ्या शहराचे मासे इथलेच, या जागेशिवाय कोळ्यांचं चालतच नाही. कॅनियसने गळ घातली, पिथियसने आढेवेढे घेतले, आणि शेवटी सावकार म्हणेल त्या किमतीला, सामानसुमानासकट बाग विकली गेली. दुसऱ्या दिवशी कॅनियसने मित्रांना बोलावलं. एकही होडी नाही. शेजाऱ्याला विचारलं, आज कोळ्यांना सुट्टी आहे का? शेजारी म्हणाला, इथे कधीच कुणी मासे धरत नाही, काल काय चाललं होतं याचंच मला नवल वाटत होतं.

या गोष्टीत घराचा एकही दोष लपवलेला नाही. बाग होती तशीच होती. पिथियसने दाखवला तो दिवस खोटा होता. आमच्या बाबतीतही हा मोह आलाच. समोरच्या रस्त्यावर कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ वाहनांचा बराच आवाज असतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी मात्र शांतता असते, पानांची सळसळ ऐकू येते. एजंट सगळ्यांना सुट्टीच्या दुपारीच बोलवायचा. लोकांना सोयीचं तेच होतं, हेही खरं. मी ती वेळ बदलली नाही, पण जाताना प्रत्येकाला सांगायचो, आवडलं असेल तर एकदा कामाच्या दिवशी संध्याकाळी येऊन समोरच्या खोलीत दहा मिनिटं बसा. आणि जमलं तर जोराच्या पावसानंतर या. फोटोंच्या बाबतीतही असंच. रुंद भिंगाने काढलेल्या फोटोत लहान खोली दिवाणखान्याएवढी दिसते, जवळच्या वस्तू मोठ्या होतात आणि समोरची भिंत दूर जाते. एजंटने तसेच फोटो काढून आणले होते. प्रत्यक्ष खोलीत आल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जी निराशा उमटायची ती बघून आम्ही ते काढायला लावले. खोली लहान नव्हती. फोटोने ती लहान करून टाकली होती.

दोष कुठपर्यंत सांगायचे, याला तसा अंत नाही. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठच्या नायॅक या गावातल्या एका घराचा खटला १९९१ मध्ये गाजला. त्या घराच्या मालकिणीने आपल्या घरात भुतं आहेत असं छापील मासिकात आणि स्थानिक वृत्तपत्रांतून जाहीर सांगितलं होतं. बाहेरगावच्या ग्राहकाने हे काही ठाऊक नसताना सौदा केला, आणि कळल्यावर तो रद्द करायला न्यायालयात गेला. घेणाऱ्याने पारखून घ्यावं हा तिथला जुना नियम, त्यामुळे खालच्या न्यायालयात तो हरला. अपील न्यायालयाने मात्र म्हटलं, की ज्या मालकिणीने स्वतःच भुतांची प्रसिद्धी केली तिला आता ती नाहीत असं म्हणता येणार नाही, तेव्हा कायद्यापुरतं हे घर झपाटलेलंच आहे. आणि कितीही बारकाईने घर तपासलं तरी ग्राहकाला हे कळणं शक्य नव्हतं. त्याला सौद्यातून बाहेर पडू दिलं गेलं. लोक या निकालाला हसतात. मला त्यातलं दुसरं वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. तपासून कळेल ते ग्राहकाने तपासावं. जे तपासून कळणारच नाही, ते विकणाऱ्याच्या तोंडूनच यायला हवं.

म्हणून मी सांगायचो. ओल सांगितली. वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब सकाळी कमी असतो हे सांगितलं. शेजाऱ्यांची भिंत पातळ आहे, त्यांचं बोलणं ऐकू येतं, पण माणसं चांगली आहेत हेही सांगितलं. त्यांनी आईच्या आजारपणात रात्री धावपळ केली होती. मागच्या भिंतीजवळच्या झाडाची मुळं एकदा गटारात शिरली होती, ते सांगितलं. हे सगळं सुरुवातीलाच ओतून टाकायचं नाही, हे हळूहळू कळलं. माणूस आत आल्या आल्या दोष ऐकवले तर त्याला घर दिसत नाही. आधी त्याला एकट्याला फिरू द्यावं. आपण एका जागी, शक्यतो दाराजवळ, उभं राहावं. तो परत आल्यावर बोलावं. आणि ओलीबद्दल सांगायचं ते त्या भिंतीपाशीच उभं राहून सांगावं, म्हणजे त्याला हात लावून बघता येतो.

माणसं किती वेगवेगळ्या रीतीने घर बघतात! एक गृहस्थ मोजपट्टी घेऊन आले आणि खोल्यांपेक्षा दारंच जास्त मोजली. त्यांच्या वडिलांना चाकांची खुर्ची लागत होती. त्यांना जिना दिसल्यावर काही बोलायची गरज पडली नाही, पण तरी ते पूर्ण घर बघून, आभार मानून गेले. एका मुलीने प्रत्येक खोलीत जाऊन टाळी वाजवली. घुमतं का ते बघतेय म्हणाली. ती गाणं शिकवते. एक जोडपं वरच्या मजल्यावर कुजबुजत भांडलं आणि खाली येताना अगदी हसत आलं. एक म्हातारे आजोबा मुलाबरोबर आले होते. मुलगा वायरिंग, मीटर, गच्ची बघत हिंडला. आजोबा मधल्या पायरीवर बसले आणि बसूनच राहिले. मी विचारलं, पाणी हवंय का? ते म्हणाले, "नाही. घरात कुठे बसावंसं वाटतं ते बघतोय." माझी आई भाजी निवडायला त्याच पायरीवर बसायची, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांचं बघणं त्यांचं होतं.

लहान मुलं सगळ्यांत खरं बघतात. ती जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत थेट शिरतात. आमच्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाने ती जागा शोधून काढली. मोठ्यांपैकी कुणी तिथे वाकून बघितल्याचं मला आठवत नाही.

किमतीबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलावं तेवढं थोडं आहे आणि बोलून फारसं हाती लागत नाही. मालकाला आपलं घर नेहमीच जास्त मोलाचं वाटतं. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना कॉफीचे साधे मग दिले, काहींना नाही. ज्यांना मिळाले त्यांनी विकायला सांगितलेली किंमत, ज्यांना मिळाले नव्हते त्यांनी घ्यायला देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाली. नुकताच हाती आलेला मग. तर ज्या घरात आपली वर्षं गेली त्याचं काय होत असेल! डेव्हिड जेनेसोव आणि क्रिस्टोफर मेयर यांनी २००१ मध्ये बॉस्टनमधल्या सदनिकांच्या विक्रीचा अभ्यास मांडला. त्यात, घेतलेल्या किमतीपेक्षा कमीत विकावं लागणार अशा मालकांनी मागणी चढी ठेवली, आणि त्यांची घरं जास्त काळ पडून राहिली. आमच्याकडे तोटा होणार नव्हता, तरी ताईने मनाशी एक आकडा धरला होता. तो कुठून आला हे तिला सांगता येईना. शेवटी तिनेच विचारलं, "हे घर दुसऱ्या कुणाचं असतं, तर आपण किती दिले असते?" त्यानंतर बोलणी सरळ झाली.

एका गोष्टीवर मात्र मला मनापासून बोलायचं आहे. घर कुणाला द्यायचं, हा प्रश्न. विकणाऱ्याच्या मनात असतं की घर "चांगल्या माणसांच्या" हाती जावं. भावना खरी असते, आणि तिच्या आडून फार वाईट गोष्टी आत शिरतात. आडनाव विचारलं जातं, धर्म विचारला जातो, लग्न झालंय का, मुलं किती, एकटी बाई का घेतेय. जगाच्या पाठीवर कुठेही जा, घर नाकारण्याची ही कारणं जुनीच आहेत. अमेरिकेत १९६८ च्या समान गृहहक्क कायद्याने वंश, रंग, धर्म आणि मूळ देश यांवरून घर नाकारायला बंदी केली; १९७४ मध्ये त्यात लिंगाची आणि १९८८ मध्ये अपंगत्व व मुलंबाळं असण्याची भर पडली. तरीही वाटा उरतातच. तिथे घर घेऊ इच्छिणारे मालकाला भावनेने ओथंबलेली पत्रं लिहितात, सोबत कुटुंबाचा फोटो जोडतात. त्यातून मालक आपल्यासारखी दिसणारी माणसं निवडतो, म्हणून ऑरेगन राज्याने २०२१ मध्ये अशी पत्रं मालकापर्यंत पोहोचवायला एजंटांना मनाई करणारा कायदा केला. २०२२ मध्ये न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर त्याची अंमलबजावणी थांबवली. प्रश्न तसाच राहिला, आणि तो कायद्याने पुरता सुटेल असं मला वाटत नाही, कारण निवड दाखवताना होते. कुणाला आपण खालच्या खोलीपासून गच्चीपर्यंत हौसेने फिरवतो आणि कुणाला दारातूनच "बोलणी चालू आहेत" म्हणून परत पाठवतो, याची कुठे नोंद होत नाही.

आमच्या एजंटने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कुणाला दाखवायचं नाही ते सांगून ठेवा." तो सवयीने विचारत होता. ताई म्हणाली, "जो येईल त्याला दाखवायचं. आणि सगळ्यांना सारखंच." सगळ्यांना सारखंच, हे म्हणायला सोपं आहे. थकलेल्या संध्याकाळी, ज्याला हे परवडणार नाही असं आपणच ठरवून टाकलेलं असतं त्यालाही गच्चीचं कुलूप काढून दाखवायला लागतं. तेव्हा ती एक शिस्त असते, आणि ती पाळावी असं मला फार वाटतं. घराने बघणाऱ्याला नाकारणं किती लागतं, हे भाड्याच्या खोल्या शोधत फिरलेल्या कुणालाही विचारा.

घर शेवटी घेतलं ते टाळी वाजवणाऱ्या मुलीने. ती आणि तिची आई. सांगितल्याप्रमाणे त्या पावसानंतर पुन्हा आल्या, त्या भिंतीवर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. तिच्या आईने बाहेरून चक्कर मारली आणि येऊन सांगितलं, "बाहेरची जमीन भिंतीकडे उतरतेय. तो उतार आधी फिरवायला हवा, आतून काही करून उपयोग नाही." इतकी वर्षं आम्ही ती भिंत आतून खरवडत होतो. किमतीत त्यांनी त्या कामाचे पैसे कमी करून मागितले आणि ते रास्त होते.

सौदा पक्का झाल्यावर त्यांच्यासाठी आम्ही घराची माहिती लिहून काढली. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, तो कुठल्या बाजूला फिरवायचा, गच्चीच्या पन्हाळीत पानं केव्हा अडकतात, वरच्या खिडकीची कडी जराशी उचलून का लावावी लागते, गटाराचं झाकण कुठे गाडलं गेलंय. आईने फोनवरून भर घातली, शेजारच्या काकूंचा नंबर दिला. चावी द्यायच्या दिवशी मुलीची आई कागद हातात घेऊन एकेक गोष्ट पडताळत फिरली. मधल्या खोलीतल्या बटणांपाशी बराच वेळ गेला. कुठलं बटण कशाचं, हे मी सांगत गेलो आणि ती पेन्सिलीने खुणा करत गेली. खालच्या ओळीतलं शेवटचं बटण कशाचं आहे ते आमच्यापैकी कुणालाच कधी कळलं नव्हतं, आईलाही नाही. तेही तिला सांगितलं. तिने त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाली, वायरमन येईल तेव्हा पहिलं हेच उघडून बघायला सांगते.